रँडम आकडे येतात, एररही नाही, पण सरासरी भलतीच: आधी कंसात काय टाकलंय ते बघा

दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज येतो. पाठवणारा बदलतो, मजकूर बदलत नाही. "ताई, नमपायचा रँडम जनरेटर गंडलाय बहुतेक. सरासरी ५ दिली, तर अडीच लाख येतेय. परत चालवलं तर सहा लाख."

नमपाय म्हणजे पायथन भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी, रँडम आकडे काढून देणारी फंक्शनं तिच्यात तयार मिळतात. माझं उत्तरही ठरलेलं. जनरेटर ठीक आहे, कंसात काय टाकलंस ते पाठव. आणि कंसात बहुतेक वेळा तेच सापडतं: लॉगनॉर्मल(५, ४).

या चुकीत वाईट गोष्ट अशी, की स्क्रीनवर काहीच लाल होत नाही. प्रोग्राम चालतो, आकडे मिळतात, ग्राफही छान निघतो. फंक्शनला दोन आकडे हवे होते, दोन मिळाले. त्यांचा अर्थ तुमच्या मनात एक होता आणि फंक्शन लिहिणाऱ्याच्या मनात दुसरा, याच्याशी कम्प्युटरला कर्तव्य नाही. त्यामुळे एररची वाट बघत बसू नका.

समजायला सोपं पडावं म्हणून खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय. रुग्णालयाची ओपीडी, केसपेपरची खिडकी. सरासरी दर २ मिनिटांनी एक पेशंट येतो. एक केसपेपर काढायला सरासरी ५ मिनिटं लागतात, स्टँडर्ड डिव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीच्या आजूबाजूला साधारण किती पसरतात ते माप, ४ मिनिटं. खिडक्या किती लागतील आणि रांग कुठवर जाईल, हे सिम्युलेशन करून बघायचंय. फंक्शनची नावं देवनागरीत लिहिते आहे, मोठ्यानं वाचलीत की ओळखू येतील.

पहिलं काम: एक लाख आकडे काढा

मॉडेल बाजूला ठेवा. ज्या ओळीवर संशय आहे तेवढी एकच ओळ नव्या फाइलमध्ये घ्या, तिच्याकडून एक लाख आकडे काढा आणि सरासरी, स्टँडर्ड डिव्हिएशन, मिडियन (चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा), सर्वांत लहान आकडा आणि सर्वांत मोठा आकडा छापा. शिवाय पहिले दहा आकडे तसेच्या तसे. दोन मिनिटांचं काम आहे. पण लोक ते करत नाहीत, थेट रांगेची लांबी बघतात आणि मग तीनशे ओळींच्या कोडमध्ये गडबड शोधत रात्र घालवतात.

यातला सर्वांत लहान आकडा फार बोलका असतो, तो विसरू नका. त्यावर पुढे येतेच.

किती फरक चालेल, हाही प्रश्न येतो. शंभर आकडे काढले, सरासरी ५.३७ आली, म्हणून घाबरलेले लोक मला भेटलेत. शंभर आकड्यांच्या सरासरीला स्वतःचीच हेलकावण्याची सवय असते आणि ती मोजता येते: स्टँडर्ड डिव्हिएशन भागिले आकड्यांच्या संख्येचं वर्गमूळ. ४ भागिले १० म्हणजे ०.४. तेव्हा ४.२ ते ५.८ मध्ये काहीही आलं तरी तक्रार नको. एक लाख आकड्यांना हाच हेलकावा ०.०१३ च्या आसपास होतो, म्हणजे सरासरी ४.९६ ते ५.०४ मध्ये बसायला हवी. एक लाखावरही ५.३७ येत असेल तर मात्र कुठेतरी नक्की पाणी मुरतंय.

आणखी एक, अनुभवानं आलेलं शहाणपण. तपासताना सरासरी १ ठेवू नका. १ चा व्यस्त १, १ चा वर्ग १, १ चं वर्गमूळही १. निम्म्या चुका १ वर दिसतच नाहीत आणि खऱ्या आकड्यांवर गेल्यावर उगवतात.

"सरासरी लाखांत जातेय"

हा लॉगनॉर्मलचा आजार. नमपायच्या लॉगनॉर्मलला जी सरासरी आणि जो सिग्मा (म्हणजे डिव्हिएशन) हवा असतो, तो तुमच्या मिनिटांचा नसतो, मिनिटांच्या लॉगचा असतो. आतमध्ये ते आधी नॉर्मल आकडा काढतं आणि मग ई चा (२.७१८ चा) तेवढा घात घेतं. तुम्ही ५ आणि ४ दिलेत, की मिडियन होतो ई चा ५ वा घात, म्हणजे १४८ मिनिटं. सरासरी होते ई चा घात (५ अधिक १६ चा निम्मा), म्हणजे ई चा १३ वा घात: ४,४२,४१३ मिनिटं. एका केसपेपरला ३०७ दिवस. सरकारी कामाबद्दल आपण कितीही बोलत असलो तरी हे जरा जास्तच झालं.

मग दर वेळी सरासरी वेगळी का येते? सिग्मा ४ असताना या सरासरीचा निम्मा वाटा अशा आकड्यांकडून येतो जे एक लाखात तीनच्या आसपास निघतात. एखाद्या वेळी दोन निघाले, एखाद्या वेळी पाच, की सगळा हिशेब उलटापालटा. त्या तीन-चार पाहुण्यांच्या लहरीवर तुमची सरासरी नाचत असते. जनरेटर गंडलाय असं वाटायला लावणारी गोष्ट हीच.

बरोबर आकडे काढायची रीत हातानंही करता येते. स्टँडर्ड डिव्हिएशनला सरासरीनं भागा आणि वर्ग करा: ४ भागिले ५ म्हणजे ०.८, त्याचा वर्ग ०.६४. त्यात १ मिळवा, १.६४. याचा नैसर्गिक लॉग ०.४९४७, हा सिग्माचा वर्ग. त्याचं वर्गमूळ ०.७०३३, हा सिग्मा. आता म्यू, म्हणजे लॉगची सरासरी: ५ चा लॉग १.६०९४, त्यातून सिग्माच्या वर्गाचा निम्मा, ०.२४७३, वजा करा. उरले १.३६२१. लॉगनॉर्मल(१.३६२१, ०.७०३३) असं लिहा, लाख आकडे काढा, सरासरी ५ आणि डिव्हिएशन ४ येईल. मिडियन ३.९० येईल आणि तो तसाच यायला हवा, कारण काही पेशंट आधार कार्ड घरी विसरून येतात आणि त्यांचा वेळ सरासरीला वर ओढतो.

आता माझी स्वतःची फजिती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रुग्णालयासाठी हेच सिम्युलेशन करत होते. लॉग घ्यायचा असतो हे मला माहीत होतं, त्याचा थोडा तोराही होता. म्हणून मी ५ चा लॉग घेतला, ४ चाही घेतला, आणि लॉगनॉर्मल(१.६०९, १.३८६) लिहून मोकळी झाले. याची सरासरी येते १३.०७ मिनिटं. लाखांत नाही, तेरा. तेरा बघून कोणी दचकत नाही. मीही दचकले नाही, कारण मी ती सरासरी छापलीच नव्हती. मी थेट खिडक्या मोजल्या. दर २ मिनिटांना एक पेशंट, १३ मिनिटांचं काम, म्हणजे निदान सात खिडक्या. तसा तक्ता घेऊन मीटिंगला गेले.

तिथे केसपेपरवर बसणारे एक काका होते. त्यांनी तक्ता बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मॅडम, सात? अहो, तीन खिडक्यांत आम्ही आत्ता भागवतोय. रांग लागते, नाही म्हणत नाही, पण भागतं." ते खरंच होतं. ५ मिनिटांच्या कामाला तीन खिडक्या पुरतात, थोड्या ताणाखाली. मी लॅपटॉप उघडून तिथेच सरासरी छापली आणि पुढची दहा मिनिटं चहाच्या कपात बघत काढली.

तेव्हा लक्षात ठेवा, लाखांत जाणारी चूक बरी. ती ओरडून सांगते. तेरा सांगणारी चूक गप्प बसते.

सायपाय ही पायथनचीच दुसरी लायब्ररी, तिचं लॉगनॉर्म आणखी वेगळं. त्याला आधी सिग्मा लागतो, मग सरकवायचा आकडा, म्हणजे लोक (इंग्रजी लोकेशनचं लघुरूप), आणि मग स्केल, म्हणजे आकडे किती पट ताणायचे ते. स्केल म्हणजे ई चा म्यूवा घात, इथे ३.९०४. नमपायच्या सवयीनं तिथे (१.३६२१, ०.७०३३) लिहिलंत तर पहिला आकडा सिग्मा समजला जातो, दुसरा सरकवण्यासाठी वापरला जातो, स्केल गुपचूप १ राहतं आणि सरासरी येते ३.२३. पुन्हा गप्प बसणारी चूक. इथे सर्वांत लहान आकडा कामाला येतो: लाख आकडे काढले तरी ०.७०३३ च्या खाली एकही उतरत नाही. मिनिमम असा एखाद्या ठिकाणी भिंतीला टेकल्यासारखा थांबला, की लोकमध्ये काहीतरी चुकून गेलंय समजा.

आर भाषेत याच गोष्टींची नावं मीनलॉग आणि एसडीलॉग अशी आहेत. नावातच सांगून टाकलंय. नमपायवाल्यांनी नुसतं मीन का ठेवलं, देव जाणे. एक्सेलच्या लॉगनॉर्म.इन्व्हलाही लॉगचेच आकडे लागतात, तिथेही तोच खड्डा.

"पेशंट धो-धो येतायत"

दोन पेशंटमधलं अंतर एक्सपोनेन्शियल (छोटी अंतरं पुष्कळ, मोठी थोडी) धरायची रीत आहे. सरासरी २ मिनिटं. आता गंमत बघा. नमपायच्या एक्सपोनेन्शियलला द्यायचे २, कारण त्याला सरासरी हवी. पायथनच्याच मूळ रँडम मोड्यूलमधल्या एक्सपोव्हेरिएटला द्यायचे ०.५, कारण त्याला दर हवा, मिनिटाला किती पेशंट. आरच्या आरएक्सपलाही दर. सी प्लस प्लसच्या एक्सपोनेन्शियल डिस्ट्रिब्युशनलाही दर. एकाच भाषेत, एकाच गोष्टीसाठी, दोन उलट रिवाज.

एक्सपोव्हेरिएट(२) लिहिलंत की सरासरी अंतर अर्धा मिनिट होतं. तासाला ३० ऐवजी १२० पेशंट. रांग गेटाबाहेर जाऊन रस्त्यावर पोचते आणि तुम्ही म्हणता खिडक्या कमी पडल्या.

सायपायच्या एक्सपॉनमध्ये तर पहिली जागा लोकची आहे. एक्सपॉन.आरव्हीएस(२) म्हणजे "प्रत्येक आकड्यात २ मिळव, स्केल १ ठेव". सरासरी ३, किमान २, डिव्हिएशन १. सरासरी ३ बघून एखादा म्हणेल, जरा वर आहे, चालायचं. पण किमान २ म्हणजे दोन पेशंट कधीच लागोपाठ आत येत नाहीत. ओपीडीत कधी उभं राहिलेल्या माणसाला हे खोटं वाटायला आकडेमोड लागत नाही. सायपायमध्ये नेहमी नाव लिहून द्या, स्केल=२. त्याच घराण्यातला युनिफॉर्म(१०, २०) दहा ते वीस देत नाही, दहा ते तीस देतो, कारण दुसरा आकडा शेवट नसून रुंदी आहे.

गॅमा हे उणे न जाणाऱ्या आकड्यांचं आणखी एक डिस्ट्रिब्युशन, म्हणजे आकडे कसे पसरतात त्याचा नमुना. त्याचं दुखणं हेच. सरासरी ५, डिव्हिएशन ४ हवं तर शेप = २५ भागिले १६ = १.५६२५ आणि स्केल = १६ भागिले ५ = ३.२. नमपायला, पायथनच्या गॅमाव्हेरिएटला, सी प्लस प्लसला, एक्सेलला हे असंच चालतं. आरमध्ये मात्र नाव न लिहिता शेपच्या पुढच्या जागी ३.२ टाकलंत तर तो दर समजला जातो आणि सरासरी ०.४९ वर येते. आरगॅमामध्ये स्केल= असं लिहायची सवय लावून घ्या, बोटं दुखत नाहीत.

नॉर्मलला बहुतेक सगळीकडे स्टँडर्ड डिव्हिएशन लागतं, व्हेरियन्स नाही. पाठ्यपुस्तकात एन(५, १६) असं छापलेलं असतं आणि त्यातला १६ म्हणजे व्हेरियन्स, डिव्हिएशनचा वर्ग. पोरं तो उचलून तसाच कोडमध्ये टाकतात. बग्ज आणि जॅग्ज या संख्याशास्त्राच्या प्रोग्राममध्ये तर तिसराच प्रकार, तिथे व्हेरियन्सचा व्यस्त द्यावा लागतो.

"काही वेळा उणे येतायत, मग मी शून्य केले"

सरासरी ५, डिव्हिएशन ४, नॉर्मल. दहापैकी एकाहून जरा जास्त, नेमकं १०.६ टक्के आकडे शून्याखाली जातात. उणे दोन मिनिटांत केसपेपर. यावर तीन जुगाड चालतात आणि तिन्ही सरासरी हलवतात. उणे आकडे शून्यावर आणले तर सरासरी ५.२०. उणे चिन्हच पुसलं तर ५.४०. उणे आकडे टाकून देऊन परत काढले तर ५.८२. तिसरा सर्वांत सभ्य दिसतो आणि सर्वांत जास्त बिघडवतो. शून्यावर आणण्यात आणखी एक खोड आहे: दहातल्या एका पेशंटचं काम चुटकीसरशी होतं.

वेळ, पाऊस, पगार, दावा केलेली रक्कम, जिथे उणे असूच शकत नाही आणि डिव्हिएशन सरासरीच्या जवळपास आहे, तिथे नॉर्मल हट्टानं वापरू नका. गॅमा किंवा लॉगनॉर्मल घ्या. पावसाच्या महिनावार आकड्यांना गॅमा बसवायची पद्धत हवामानशास्त्रात उगाच रुजलेली नाही. दुष्काळ मोजायचा एसपीआय निर्देशांक बहुधा त्यावरच काढतात.

"सगळे आकडे एकच येतायत"

याची कारणं तीन-चार, आणि ती एकमेकांसारखी दिसतात.

पांडाज या पायथनच्या तक्त्यांच्या लायब्ररीत एखाद्या कॉलममध्ये नॉर्मल(५, ४) ठेवलंत आणि साइझ, म्हणजे किती आकडे हवेत ते, द्यायला विसरलात, तर एकच आकडा निघतो आणि दहा हजार ओळींत तोच भरला जातो. डिव्हिएशन शून्य आलं की हेच.

दुसरं, सीड लूपच्या आत. सीड म्हणजे जनरेटर कुठून सुरू करायचा ती खूण. दर फेरीत नमपायचा नवा जनरेटर, डिफॉल्ट-आरएनजी(४२), नव्यानं बनवलात तर दर फेरीत पहिला युनिफॉर्म आकडा (शून्य ते एकमधला, सगळ्यांना सारखीच संधी) ०.७७३९५६ येणार, उद्याही, परवाही. जनरेटर प्रोग्रामच्या सुरुवातीला एकदाच बनवा आणि फंक्शनांना हातात द्या. सी मध्ये वेळेवरून सीड देणारी ओळ लूपमध्ये असते तेव्हा हेच होतं: घड्याळाचा सेकंद बदलेपर्यंत आकडा बदलत नाही.

तिसरं कारण मला सर्वांत जास्त छळतं, कारण ते दिसत नाही. लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंगनं, फोर्क पद्धतीनं (पायथन ३.१३ पर्यंत तीच आपोआप वापरली जायची), एकाच वेळी काम करणारे आठ वर्कर सोडले आणि नमपायचा जुना, सर्वांना सामायिक जनरेटर वापरला. फोर्क करताना मूळ प्रोसेसची जशीच्या तशी प्रत निघते, जनरेटरच्या स्थितीसकट. आठही वर्कर तेच आकडे काढतात. तुम्हाला वाटतं आठ हजार फेऱ्या झाल्या. झाल्या एक हजार, आठ वेळा. सरासरी बरोबरच येते, पण तिच्यावरचा विश्वासाचा पट्टा (खरी सरासरी कुठून कुठवर असू शकेल तो अंदाज) जवळपास २.८ पट अरुंद दिसतो. रिपोर्टमध्ये छान दिसतं आणि खोटं असतं. पायथनचं मूळ रँडम मोड्यूल ३.७ पासून फोर्कनंतर स्वतःला नवं सीड देतं, नमपाय देत नाही. ओळखायचं असं, की प्रत्येक वर्करचे पहिले तीन आकडे छापा. उपाय: मुख्य प्रोसेसमध्ये एक सीड-सीक्वेन्स बनवा, त्याच्याकडून स्पॉननं आठ वेगळे काढा आणि वर्करना वाटा.

काही जण ४२, ४३, ४४ असे सीड वर्करना देतात. एका प्रयोगापुरतं चालून जातं. मग दुसऱ्या प्रयोगाला "नवं" सीड म्हणून ४३ पासून सुरुवात करतात आणि आठातले सात वर्कर मागचेच आकडे दळतात.

"सीड तेच, तरी आरशी जुळत नाही"

जुळणारही नाही. सीड ४२, पहिला युनिफॉर्म आकडा: पायथनच्या रँडम मोड्यूलमध्ये ०.६३९४, नमपायच्या जुन्या पद्धतीत ०.३७४५, नव्या डिफॉल्ट-आरएनजीत ०.७७४०, आरमध्ये ०.९१४८. यातले तीन आतून मर्सेन ट्विस्टर नावाची रँडम आकडे बनवायची एकच रीत वापरतात, मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी १९९८ मध्ये मांडलेली. पण ४२ वरून आतली स्थिती भरण्याची किंवा बाहेर आकडा देण्याची रीत प्रत्येकाची निराळी. नवा नमपाय पीसीजी-६४ ही वेगळी रीत वापरतो. नॉर्मलवर गेलात की फाटा आणखी वाढतो: आर उलट फंक्शन वापरतं, जुना नमपाय पोलर पद्धत, नवा झिगुरात. कोणी मला "सीड ४२, पहिला नॉर्मल ०.४९६७" म्हणालं तर मी न बघता सांगते, जुना नमपाय. ०.३०४७ म्हणालं तर नवा. १.३७०९ म्हणजे आर.

तेव्हा दोन भाषांत ताडून बघताना आकडा-आकडा जुळवू नका. दोन्हीकडून लाख-लाख काढा आणि सरासरी, मिडियन, ९५ वा शतमक जुळवा. खरंच आकडा-आकडा हवा असेल तर एका भाषेत काढून फाइलमध्ये ठेवा आणि दुसरीत वाचा. कंटाळवाणं आहे, पण वादच उरत नाही.

एकाच भाषेत, वर्षभरापूर्वीचं उत्तर परत येत नसेल तर व्हर्जन बघा. आर ३.६.० मध्ये, २०१९ ला, सॅम्पलची आतली पद्धत बदलली. नमपायच्या नव्या जनरेटरचे आकडे व्हर्जनगणिक तेच राहतील अशी हमी तो देत नाही.

जनरेटर खरंच बिघडलेला असू शकतो का?

कधीकाळी असत. आयबीएमचा रँडू प्रसिद्ध आहे: आधीचा आकडा गुणिले ६५५३९, भागिले २ चा ३१ वा घात, उरेल ती बाकी. वरवर ठीक. पण लागोपाठचे तीन-तीन आकडे घेऊन अवकाशात ठिपके मांडले की सगळे ठिपके फक्त १५ समांतर पातळ्यांवर पडतात. मार्साग्लियानं १९६८ मध्ये या जातीच्या जनरेटरचा हा दोष उघड केला. आजच्या पायथन, आर, ज्युलियामध्ये असलं काही तुमच्या वाट्याला येणार नाही.

सी मधल्या साध्या रँडवर मात्र अजून नजर ठेवा. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये त्याचा कमाल आकडा ३२७६७ आहे. त्यावरून लॉग घेऊन एक्सपोनेन्शियल बनवलंत तर सरासरीच्या सुमारे १०.४ पटींच्या पलीकडे आकडा जाऊच शकत नाही, शेपूट तुटलेली. आणि लॉगच्या आत शून्य जाऊ देऊ नका. बहुतेक भाषांत युनिफॉर्म आकडा शून्य असू शकतो पण एक होत नाही, म्हणून तो आकडा यू धरून लॉग(१ वजा यू) लिहा. एक्सेलमध्येही एक्सपोनेन्शियल असंच बनवावं लागतं: −२ गुणिले एलएन(१ वजा रँड). आणि एक्सेलमध्ये प्रत्येक सेल बदलला की रँड नव्यानं फिरतो, तेव्हा आकडे आवडले असतील तर कॉपी करून फक्त व्हॅल्यू पेस्ट करा, नाहीतर साहेबांना दाखवताना भलतेच दिसतील.

सगळं बरोबर, तरी खऱ्या ओपीडीशी जुळत नाही

सरासरी जुळली, डिव्हिएशन जुळलं, सीड नीट, तरी सिम्युलेशनमधली रांग खऱ्यापेक्षा शांत. इथे कंस बरोबर असतो, डिस्ट्रिब्युशन चुकीचं. एक्सपोनेन्शियल अंतर म्हणजे तासाला येणारे पेशंट पॉइसाँ, आणि पॉइसाँचं व्हेरियन्स सरासरीइतकंच असतं: ३० पेशंट, डिव्हिएशन ५.५. रजिस्टर काढून खरे तास मोजलेत तर डिव्हिएशन १२ निघू शकतं, कारण सोमवार असतो, जोडून सुट्टीनंतरचा दिवस असतो, आणि एसटी आली की एकदम पंधरा जण उतरतात. सर्वांत आधी वार आणि तास वेगळे करून बघा, पुष्कळ फरक तिथेच मिटतो. उरलाच तर निगेटिव्ह बायनॉमियल, ज्यात व्हेरियन्स सरासरीहून मोठं असतं. नमपायला त्यासाठी एन आणि पी हे दोन आकडे लागतात. व्हेरियन्स १२ चा वर्ग, १४४; मग पी = ३० भागिले १४४ = ०.२०८३, एन = ९०० भागिले (१४४ वजा ३०) = ७.८९५. एन अपूर्णांकात दिला तरी चालतो. आरमध्ये एमयू= लिहून सरासरी थेट देता येते.

एवढं करूनही अडलं तर जरूर विचारा, पण "सरासरी चुकतेय" एवढंच नको. भाषा आणि लायब्ररीचं व्हर्जन, कंसासकट ती एक ओळ, काय अपेक्षित होतं, आणि लाख आकड्यांची सरासरी, डिव्हिएशन, मिडियन, किमान, कमाल. टेक्स्टमध्ये पाठवा, मोबाईलनं काढलेल्या स्क्रीनच्या फोटोत दशांश चिन्ह कुठे आहे ते मला चाळिशीच्या चष्म्यातून दिसत नाही.